जुगार कोणाचा, गुन्हा कोणाचा?

मटक्याचा आकडा घेताना सापडला की वस्तीतल्या पोराला पोलीस उचलतात. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यावर पैसे लावणारा साहेब मात्र निर्दोष! कायदा एकच, १८८७ सालचा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. त्यात सरकारमान्य आवारातली घोड्यावरची पैज जुगारातून वगळली आहे. लॉटरीही वगळली आहे. ती तर १९६९ पासून राज्य सरकार स्वतःच चालवत आले.

जुगाराला परवाना द्यायचा की बंदी घालायची, याचे धोरण एकाही मोठ्या पक्षाकडे नाही. १९७६ साली काँग्रेस राजवटीत महाराष्ट्राने कॅसिनोचा कायदा केला. तो अमलात आणला नाही आणि रद्दही केला नाही. मधल्या काळात सगळेच सत्तेवर बसून गेले. कायदा कपाटातच! अखेर २०२३ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने तो मोडीत काढला. महाराष्ट्रात कॅसिनो नको म्हणणाऱ्या याच भाजपचे गोव्यात राज्य आहे, आणि तिथे मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत. भाजप विरोधी बाकांवर असताना मनोहर पर्रीकरांनी या बोटींविरुद्ध रान उठवले होते. २०१२ साली सत्ता आली, बोटी हलल्या नाहीत. २०२० पासून गोवेकरांना मात्र तिथे खेळायला बंदी आहे. म्हणजे खेळ वाईट हे सरकारलाही कबूल आहे, फक्त पाहुण्यांचा पैसा चालतो! (या पाहुण्यांत आपले महाराष्ट्रातलेही असतात.)

केंद्राची तऱ्हा निराळी नाही. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन खेळात लावलेल्या पैशावर २८ टक्के जीएसटी घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये तोच खेळ घातक ठरवून बंद केला. रेसकोर्स आणि बोटींना त्या कायद्याने हात लावला नाही.

१९४९ साली संविधान सभेत काही सदस्यांनी राज्यसूचीतून जुगाराची नोंदच काढा असा आग्रह धरला. संविधानात असल्या गोष्टीला जागा नको, ही त्यांची भावना. बाबासाहेबांनी त्यांना समजावले की नोंद काढली तर राज्ये हतबल होतील. हा अधिकार परवानगीसाठी वापरता येतो, तसाच मनाईसाठीही. आज ती नोंद चौतिसावी आहे. अधिकार हाती असून राज्यकर्त्यांनी तो माणूस बघून वापरला.

आम्ही सोवळ्याची भाषा करत नाही. शंभर वर्षांवर बंदी असून मटका संपला नाही, हे वस्तीत राहणाऱ्याला कोणी सांगायला नको. हप्ते चालू राहिले, आणि आकड्यावर गेलेल्या मजुरीपायी चूल विझली ती बाईची. परवाना द्यायचा असेल तर मटकेवाल्याकडूनही उघड कर घ्या आणि खेळणाऱ्याला कोठडी दाखवू नका. बंदी घालायची असेल तर महालक्ष्मीपासून सुरुवात करा.

मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाने जाहीरनाम्यात एवढेच लिहावे: रेसकोर्स, बोट, लॉटरी आणि मटका यांना एकच नियम लावणार की नाही?