न दिसणाऱ्या माणसाला दाखवायचं कसं?

पाऊस, गवत, वारा आणि निळ्या साडीतली श्रीदेवी. ती कुणाच्या तरी मिठीत आहे, पण मिठी मारणारा गाण्याच्या बऱ्याच भागात पडद्यावर नाहीच. 25 मे 1987 रोजी 'मिस्टर इंडिया' प्रदर्शित झाला. तेव्हापासून हे गाणं पाहताना नायक कुठे आहे, असा प्रश्न कुणाला पडलेला नाही. श्रीदेवीची मान जिकडे वळते तिकडे तो असतो. तिचा श्वास अडखळला की तो जवळ आलेला असतो. प्रेक्षक तिच्याकडे बघतो आणि त्याला दोघं दिसतात.

हे सुचायला दिग्दर्शक आधी नट असावा लागतो. शेखर कपूर नट होते, आणि खरं सांगायचं तर फारसे न चाललेले नट होते.

1945 साली लाहोरात जन्मलेला हा मुलगा दिल्लीत वाढला. वडील दिल्लीतले डॉक्टर. शाळा मॉडर्न स्कूल, कॉलेज सेंट स्टीफन्स, विषय अर्थशास्त्र. तिथून लंडनला जाऊन तो सनदी लेखापाल झाला. एवढ्यावर दिल्लीतल्या कुठल्याही सुखवस्तू घरानं पेढे वाटले असते. पण आईकडून चेतन, देव आणि विजय आनंद असे तीन मामा लाभलेले. भाच्यानं हिशेबाच्या वह्या मिटल्या आणि तो मुंबईला आला. देव मामांच्या 'इश्क इश्क इश्क'मध्ये (1974) दिसला, मग 'जान हाजिर है', मग 'टूटे खिलौने'. चेहरा देखणा, आवाज चांगला, पण लोकांनी लक्षात ठेवलं नाही. दूरदर्शनच्या 'खानदान'मुळे आणि पुढे 'उडान'मुळे घराघरांत थोडी ओळख झाली, तोवर तो दिग्दर्शक झालेला होता. 1983 चा 'मासूम' हा त्याचा पहिला चित्रपट. एरिक सीगल यांच्या 'मॅन, वुमन अँड चाइल्ड' या कादंबरीवरून त्यानं दिल्लीतल्या एका मध्यमवर्गीय कुटुंबाची गोष्ट रचली. परदेशी गोष्टीचं कुंकू बदलून तिला आपल्या घरात कसं नांदवायचं, हे त्याला तिथेच उमगलं असावं.

'मिस्टर इंडिया'चं मूळही असंच परदेशात आहे, फक्त ते श्रेयनामावलीत नाही. एच. जी. वेल्स यांची 'द इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी 1897 ची. तिच्यात विनोद आहे, पण गाभा भयाचा आहे. ग्रिफिन नावाचा हुशार, गरीब, एकलकोंडा शास्त्रज्ञ अदृश्य होतो आणि परत दिसू शकत नाही. थंडीत कपडे घालावेत तर रिकामे कपडे चालताना दिसतात, काढावेत तर कुडकुडावं लागतं. खाल्लेलं अन्न पचेपर्यंत पोटात दिसत राहतं. आधी चिडचिड, मग चोरी, मग खून, आणि शेवटी साऱ्या मुलुखावर दहशत बसवण्याची भाषा. वेल्सनं या भयाला विज्ञानाचा पाया दिला होता. काचेचा चुरा हवेत पांढरा दिसतो; तोच पाण्यात टाकला की जवळपास नाहीसा होतो, कारण काच आणि पाणी यांच्यात प्रकाश फारसा वाकत नाही. माणसाचं शरीर हवेइतकंच प्रकाशाला आरपार करता आलं तर? डोळ्यांचा पडदाही पारदर्शक झाला तर ग्रिफिनला दिसणार कसं, ही शंका पुढे अनेकांनी काढली. वेल्सला तिची कल्पना असावी, कारण त्याच्या ग्रिफिनच्या डोळ्यांमागे धुक्याहून फिका असा रंगाचा अंश शिल्लक राहतो.

या कादंबरीवर 1933 मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीसाठी चित्रपट काढला तो जेम्स व्हेल यांनी. हाही नट. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना छावणीतल्या नाटकांमधून त्याला रंगभूमीची चटक लागली. सुटल्यावर नट, नेपथ्यकार, मग दिग्दर्शक. 1931 चा 'फ्रँकेन्स्टाइन' त्याचाच. बोरिस कारलॉफचा तो चौकोनी डोक्याचा, जड पापण्यांचा राक्षस आज ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनाही ठाऊक असतो. त्या राक्षसाला पुरी वाक्यं नव्हती. जे काही होतं ते डोळ्यांत आणि हातांत. 'इन्व्हिजिबल मॅन'मध्ये नेमकं उलटं झालं. आता चेहराच नव्हता, उरला होता तो आवाज. व्हेलनं निवडलेल्या क्लॉड रेन्सला हॉलिवूडमध्ये कुणी ओळखत नव्हतं. त्याची चाचणी चालू असताना शेजारच्या खोलीतून आवाज ऐकूनच व्हेलनं त्याला घेतलं, अशी कथा सांगतात. चित्रपटभर रेन्स पट्ट्यांत गुंडाळलेला किंवा गायब. त्याचा चेहरा प्रेक्षकाला दिसतो तो अगदी शेवटी, मेल्यावर.

करामत होती जॉन फुल्टन या तंत्रज्ञाची. नटाला डोक्यापासून पायापर्यंत काळी मखमल घालायची, वरून दिसायला हवेत ते कपडे चढवायचे आणि काळ्या मखमलीच्या पडद्यासमोर चित्रीकरण करायचं. काळ्यावर काळं फिल्मवर उमटत नाही. उरतो तो फक्त चालणारा सदरा. मग तो तुकडा खऱ्या खोलीच्या दृश्यावर बसवायचा. राहिलेल्या फटी हजारो चौकटींवर हातानं रंगवून बुजवायच्या. आज संगणकावर जे काम दुपारच्या चहाआधी होतं, त्याला तेव्हा असा घाम गाळावा लागे. वेल्सला चित्रपट आवडला, पण अदृश्य करणाऱ्या औषधानं आपल्या शास्त्रज्ञाचा पार वेडा केला, अशी त्याची तक्रार राहिली.

नटानं दिग्दर्शक व्हावं आणि भयकथा काढावी, यात एक खड्डाही असतो. 1994 मध्ये केनेथ ब्रॅना यांनी मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'वर चित्रपट काढला, स्वतःच शास्त्रज्ञ झाले आणि राक्षसाचं काम रॉबर्ट डी नीरोला दिलं. पैसा ओतला, नटसंच दणदणीत, पण कॅमेरा उघड्या छातीच्या शास्त्रज्ञावरून हलायलाच तयार नाही! राक्षस बिचारा पाहुण्यासारखा येतो आणि जातो.

कपूरचं नशीब असं की त्याच्या नायकाला दिसायचंच नव्हतं. पटकथा सलीम-जावेद यांची, दोघं वेगळे झाल्यानंतर आलेली. ही कल्पना मुळात अमिताभ बच्चनसाठी होती, असं सांगतात. त्याचा आवाज असा की माणूस पडद्यावर नसला तरी चित्रपट चालेल. म्हणजे रेन्सचीच युक्ती. बच्चननं नकार दिला आणि अनिल कपूर आला. चांगला नट, पण लोक त्याच्या केवळ आवाजाला तिकीट काढतील असं नव्हतं. मग अदृश्य माणूस दाखवायचा कसा? इतरांच्या अंगातून.

इथे दिल्ली उपयोगी पडली. मंडी हाउसजवळच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेले दोन नट या चित्रपटात आहेत. एक अन्नू कपूर, वैतागलेला संपादक गायतोंडे. दुसरा सतीश कौशिक. करोल बागेत वाढलेला, किरोडीमल कॉलेजचा हा मुलगा 'मासूम'पासून शेखर कपूरचा साहाय्यक होता. इथे तो 'कॅलेंडर' नावाचा स्वयंपाकी झाला आणि नायकानं सांभाळलेल्या अनाथ मुलांच्या गोंगाटी घराचा कणाही. पुढे तोही दिग्दर्शक झाला. याशिवाय अमरीश पुरी. मुंबईतल्या हिंदी रंगभूमीवर पोसलेले, 'शांतता! कोर्ट चालू आहे'च्या चित्रपटातून मराठी प्रेक्षकालाही परिचित. अशी रंगमंचावर मुरलेली माणसं समोर नसलेल्या माणसाचा मार खातात तेव्हा तो मार खरा वाटतो. हवेत तरंगणारी बाटली आणि टोपी ही पीटर परेरा यांची कमाल. पण ती पाहून ज्याचे डोळे विस्फारतात, त्या नटानं ते विस्फारले नाहीत तर परेरांच्या मेहनतीवर पाणी. जुगाराच्या अड्ड्यावर श्रीदेवी चॅप्लिन होऊन येते तो प्रसंग आठवा. तिची काठी आणि अदृश्य माणसाची थप्पड यांची वेळ अशी जुळते की कोण कुणाला मारतंय याचा हिशेब सुटतो. हनुमानाची मूर्ती पळवायला निघालेल्या गोऱ्या चोराला मूर्तीच बदडून काढते आणि तो बजरंगबलीचा धावा करू लागतो. त्या वेळी थिएटरात शिट्ट्या पडत. वेल्सच्या गावकऱ्यांना अशाच प्रसंगी घाम फुटला होता.

आपल्याकडे अदृश्य माणसाची भीती का वाटत नाही? कारण तो आपल्याला नवा नाही. कालिदासाच्या नाटकांत अप्सरा तिरस्करिणी विद्येनं अदृश्य होऊन राजाचं बोलणं ऐकतात. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात सीता रामाजवळ उभी असते. त्याला तिचा स्पर्श कळतो, ती दिसत नाही. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' संगीत रंगभूमीवर आणलं. तिथल्या प्रेक्षकाला 'ही पात्रं एकमेकांना दिसत नाहीत' एवढं कळलं की पुरे, मखमल लागत नसे. न दिसणारा माणूस आपल्या परंपरेत बहुधा प्रेमात असतो किंवा मदतीला आलेला असतो. हिंदी चित्रपटानं हीच वाट धरली: 1957 चा 'मिस्टर एक्स', 1964 चा 'मिस्टर एक्स इन बॉम्बे'. यातल्या पहिल्या चित्रपटात अदृश्य झालेला नट होता अशोककुमार. तीस वर्षांनी 'मिस्टर इंडिया'त प्रोफेसर सिन्हा होऊन अनिल कपूरला अदृश्यतेच्या यंत्राकडे नेतो तोही अशोककुमारच. हा योगायोग असेल तर फार देखणा आहे.

मराठी वाचकाला याच तऱ्हेचं घरचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. 'छोटा जवान'मधला बालनट महेश कोठारे मोठा होऊन दिग्दर्शक झाला आणि 1993 मध्ये अमेरिकेच्या 'चाइल्ड्स प्ले'मधल्या खुनी बाहुलीवरून त्यानं 'झपाटलेला' काढला. मूळ चित्रपट रक्तबंबाळ; आपला तात्या विंचू रामदास पाध्ये यांच्या हातावर बसून आला आणि लक्ष्मीकांत बेर्डेच्या घाबरण्यावर महाराष्ट्र हसला. इथेही बाहुली खरी वाटली ती बेर्डेच्या चेहऱ्यामुळे.

मग 'मिस्टर इंडिया'त भय नाहीच का? आहे, पण ते जागा सोडून गेलं आहे. यंत्रातून, विज्ञानातून निघून ते खलनायक मोगॅम्बोच्या दरबारात आणि सार्वजनिक ठिकाणी पेरलेल्या बॉम्बमध्ये जाऊन बसलं आहे. अशाच एका बॉम्बनं नायकाच्या घरातली छोटी टीना मरते, आणि मुलांसाठी म्हणून काढलेला हा चित्रपट काही मिनिटं मुलांना दाखवू नये असा होतो. 1987 च्या दिल्लीकराला ते समजावून सांगावं लागलं नसेल. दोनच वर्षांपूर्वी, मे 1985 मध्ये, ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेल्या बॉम्बनी दिल्ली हादरली होती. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना तिथल्या एका पिढीच्या कानांवर पडत राहिली. अदृश्य नायकालाही टीना वाचवता आली नाही. कपूरच्या सगळ्या चित्रपटात मला सर्वांत धीट वाटतो तो हाच निर्णय.

वेल्सच्या जातीचं भय दिल्लीनं पुढे अनुभवलं, पण पडद्याबाहेर. मे 2001 मध्ये गाझियाबाद आणि पूर्व दिल्लीत काळ्या माकडाची आवई उठली. उकाडा, वीज गेलेली, माणसं गच्चीवर झोपलेली, आणि अंधारात काहीतरी झेप घेतं. कुणी म्हणे त्याला धातूची नखं आहेत, कुणी म्हणे डोक्यावर हेल्मेट आणि छातीवर बटणं आहेत. 'आला, आला' अशा ओरड्यानं घाबरून गच्चीवरून पडलेल्यांपैकी काहींचा जीव गेला. माकड सापडलं नाही. 2009 च्या 'दिल्ली-6' या चित्रपटात ते आलं, पण तिथेही भीती दाखवण्यापेक्षा माणसांना आरसा दाखवण्यासाठी.

कपूर मात्र पुन्हा वेल्सच्याच दारात गेले होते. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांनी आमिर खान, रवीना टंडन, रेखा आणि नसीरुद्दीन शाह यांना घेऊन विज्ञानकथेवरचा दुसरा चित्रपट सुरू केला. बरंच चित्रीकरण झालं, मग पैशांअभावी काम थांबलं, आणि कपूर 'बँडिट क्वीन'कडे वळले. त्या अपुऱ्या चित्रपटाचं नाव 'टाइम मशीन'. तो आजही प्रदर्शित झालेला नाही.