स्टार्टर फिरूनही सुरू न होणारे वाहन : दोषनिदानाची तर्कपद्धती

प्रस्तावना :
किल्ली फिरविल्यावर स्टार्टर इंजिनाला फिरवितो, परंतु इंजिन स्वतःच्या बळावर चालू होत नाही, हा अनुभव वाहनधारकांना नवा नाही. अशा वेळी प्लग, कॉइल, पेट्रोल पंप असे सुटे भाग अंदाजाने बदलले जातात. त्यात पैसा खर्च होतो आणि मूळ दोष पुष्कळदा तसाच राहतो. प्रस्तुत लेखात फ्यूएल इंजेक्शन प्रणालीच्या पेट्रोल मोटारीच्या संदर्भात या दोषाच्या निदानाचा क्रम मांडला आहे.

इंजिनाच्या गरजा :
पेट्रोल इंजिन सुरू होण्यासाठी हवा व इंधन यांचे योग्य मिश्रण, पुरेसा दाब, ठिणगी आणि या सर्वांची अचूक वेळ आवश्यक असते. पूर्ण ज्वलनासाठी पेट्रोलच्या १ भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनास प्रारंभी इंधन अधिक लागते. यांपैकी कोणती गरज अपूर्ण आहे हे शोधणे म्हणजेच निदान होय.

प्राथमिक निरीक्षण :
प्रथम स्टार्टरचा आवाज ऐकावा. इंजिन मंद गतीने फिरत असल्यास बॅटरी व तिची टोके तपासावीत. पूर्ण भारित बॅटरीचा विद्युत्दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. याउलट इंजिन नेहमीपेक्षा वेगाने व एकसुरी फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्यावी; कारण अशा स्थितीत झडपांचा मेळ बिघडून दाब निर्माण होत नाही. अशा वेळी स्टार्टर पुन्हा पुन्हा फिरवू नये, कारण काही इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळतो. त्यानंतर टाकीतील इंधन व इमोबिलायझरचा दिवा पाहावा. अनेक वाहनांत किल्लीची ओळख न पटल्यास स्टार्टर फिरतो, परंतु इंधन किंवा ठिणगी रोखली जाते.

निर्णायक टप्पा :
यानंतर ठिणगी व इंजेक्टरला मिळणारा संकेत हे दोन्ही तपासावेत. दोन्ही नसल्यास दोष सामायिक ठिकाणी असण्याची शक्यता अधिक असते. क्रँकशाफ्ट सेन्सर, नियंत्रक संगणकाचा वीजपुरवठा आणि इमोबिलायझर ही ती ठिकाणे होत. सेन्सरकडून फिरण्याचा संकेत न मिळाल्यास संगणकाच्या दृष्टीने इंजिन स्थिरच असते. केवळ ठिणगी नसल्यास कॉइल व तिची वायरिंग तपासावी. ठिणगी व संकेत दोन्ही असल्यास इंधनाचा दाब मोजावा. पंपाचा आवाज येणे म्हणजे पुरेसा दाब असणे नव्हे; म्हणून दाबमापकाचे वाचन उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावे. इंधनही योग्य असल्यास सिलिंडरमधील दाब मोजावा. प्लग पेट्रोलने भिजलेले आढळल्यास इंजिनात इंधन अतिरिक्त झाले, असे समजावे.

स्कॅनरची मर्यादा :
स्कॅनरवर दिसणारा सांकेतिक क्रमांक सदोष भागाचे नाव सांगत नाही. उदाहरणार्थ, पी ०३३५ हा क्रमांक क्रँकशाफ्ट सेन्सरच्या विद्युतमंडलातील दोष दर्शवितो. तो दोष सेन्सरमध्ये, तुटलेल्या वायरमध्ये किंवा सैल जोडणीतही असू शकतो. क्रमांक पाहून थेट सेन्सर बदलणे हाही अंदाजच ठरतो.

दक्षता :
स्टार्टर सलग १० सेकंदांपेक्षा अधिक फिरवू नये. त्यामुळे तो तापतो, तसेच न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हानी पोहोचविते. ठिणगीची परीक्षा प्लगची वायर हातात धरून न करता स्पार्क टेस्टरने, इंधनाच्या वाफेपासून दूर करावी.

समारोप :
उपरोक्त क्रमात प्रत्येक चाचणी काही शक्यता निश्चितपणे वगळते. गृहीतक मांडणे, ते तपासणे आणि पुराव्यावरून पुढील पाऊल ठरविणे ही शास्त्रीय पद्धती येथे प्रत्यक्ष कार्यशाळेत दिसते. म्हणूनच व्यवसाय शिक्षणात सुटे भाग बदलण्याच्या कौशल्याआधी, ते कधी बदलू नयेत, हे शिकविणे अगत्याचे आहे.