तीन मुसळं, एक उखळ

चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांचं, लहान दालनातलं संगीत. त्याला संचालक नसतो. जो तो शेजाऱ्याचं ऐकत वाजवतो. स्वयंपाकघराचं या संगीताला वावडं नाही. चेक संगीतकार बोहुस्लाव मार्टिनूने १९२७ साली सहा वाद्यांसाठी भांडं-झाकणाच्या संसाराचं बॅले-संगीत रचलं. लेनर्ड बर्नस्टाइनने १९४७ साली चार पाककृतीच गायला लावल्या. पण दोन्हीकडे स्वयंपाक हा नुसता विषय, वाजतात ती नेहमीचीच वाद्यं. आपल्याकडच्या रांधण्यावर कुणाला असं काही रचायचं असेल, तर त्याने वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतलं बाटली मसाल्याचं कांडप आधी ऐकावं.

पावसाळ्याआधी मिरच्या कडकडीत वाळतात. धणे, हळकुंडं, तीळ, खसखस, नागकेशर, दगडफूल, शिवाय गहू आणि हरभरेही वेगवेगळे भाजले जातात, कारण प्रत्येकाची आच निराळी. मग लाकडी उखळीभोवती बायका उभ्या राहतात. एकीचं मुसळ खाली येतं तेव्हा दुसरीचं वर आणि तिसरीचं अधांतरी. कुणी क्षणभर रेंगाळली तर लाकडावर लाकूड आपटणार, म्हणून कान सतत शेजारणीकडे. सुरुवातीला मिरची कडाडते; पूड होत जाते तसा ठोका मऊ, बसका होतो, आणि चाळायची वेळ झाल्याचं हाताआधी कानाला कळतं. जात्यावर ओवी सुचते. इथे तोंडाला फडकं आणि घशात ठसका, गाणार कोण? म्हणून हे निखळ वाद्यसंगीत.

खांदे भरून आलेल्या बाईला हे संगीत म्हणून सांगणं हा रिकाम्या हातांचा शौक, असं कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. एकमेकींची लय सांभाळण्याचं कसब कष्टातून आलं म्हणून ते कसब राहत नाही असं थोडंच आहे? ‘रचनाकार कोण?’ या प्रश्नात मात्र दम नाही. आपल्या कित्येक बंदिशींचाही कर्ता ठाऊक नसतो.

खरी अडचण कांडप यंत्राची. त्याचे ठोके मोटरच्या गतीने पडतात, मिरची कोरडी असो वा पूड झालेली. खांदे वाचतात, ते वाचायलाच हवेत. त्यासाठी यंत्राला नावं ठेवणं अन्यायाचं. पण शेजारणीचं ऐकून हात आवरण्याची गरजही त्याबरोबर संपते, आणि संगीतकाराला नेमकी तीच हवी असते. मंचावर उखळ आणून ठेवणं सोपं. मसाला खरोखर कुटायचा नसेल, तर तालवादकाने ठोका मऊ कधी करायचा, हे कागदावरच लिहून द्यावं लागेल.