शाळेचा पैसा कुठून येतो?

शाळांचा खर्च सरकार करते, असे आपण सहज म्हणतो. पण कोणते सरकार, आणि कोणत्या करातून? हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरावर मुलांचे शिक्षण आणि देशातील लोकशाही या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात. अमेरिकेतील एका उदाहरणावरून आपण हे समजून घेऊ.

अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. प्रत्येक शाळा-विभाग आपल्या हद्दीतील घरे, दुकाने, कारखाने यांच्या किमतीवर कर बसवतो. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरात असे दोन विभाग आहेत : एजवुड आणि अलामो हाइट्स. एजवुडमध्ये मुख्यतः मेक्सिकन वंशाची कष्टकरी कुटुंबे राहत, तर अलामो हाइट्स ही सुखवस्तू वस्ती होती. १९६७-६८ साली एजवुडमध्ये दर विद्यार्थ्यामागे ५,९६० डॉलर किमतीची मालमत्ता होती. अलामो हाइट्समध्ये ४९,००० डॉलरहून अधिक.

दर जास्त, पैसा कमी

गंमत पुढेच आहे. एजवुडचे लोक १०० डॉलरमागे १.०५ डॉलर कर भरत, अलामो हाइट्सचे लोक ०.८५ डॉलर. म्हणजे गरीब वस्तीचा दर अधिक! राज्याच्या योजनेत भरायचा वाटा वजा जाता एजवुडकडे दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर उरत, तर अलामो हाइट्सकडे ३३३ डॉलर. राज्याकडून दोघांना जवळजवळ सारखेच, म्हणजे अनुक्रमे २२२ आणि २२५ डॉलर मिळत. केंद्राकडून १०८ आणि ३६. बेरीज करून पाहा : ३५६ आणि ५९४. केंद्राची मदत नसती तर दरी आणखी रुंद झाली असती.

मग एजवुडने कर वाढवावा, असे कोणी म्हणेल. अलामो हाइट्सइतके उत्पन्न मिळवायला एजवुडला १०० डॉलरमागे सुमारे ७ डॉलर कर बसवावा लागला असता. कायद्याने मर्यादा घातली होती १.५० डॉलरची! या तफावतीचा परिणाम वर्गात दिसे. एजवुडमधील जवळजवळ निम्मे शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवत होते.

न्यायालय काय म्हणाले?

१९६८ साली एजवुडच्या विद्यार्थ्यांनी शाळेबाहेर पडून निषेध केला. त्याच वर्षी डेमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालकांनी दावा लावला. त्यांचा एक मुद्दा असा होता की, मतदान आणि भाषणस्वातंत्र्य हे हक्क नीट वापरायला शिक्षण लागते. म्हणून शिक्षण हाही मूलभूत हक्क मानावा. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी दावा फेटाळला. नागरिकाला बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क आहे, पण ते उत्तम प्रकारे करता येईल याची हमी राज्यघटना देत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत नोंदवले.

लढा मग राज्याच्या न्यायालयात गेला. लोकांचे स्वातंत्र्य व हक्क टिकण्यासाठी ज्ञानाचा सार्वत्रिक प्रसार आवश्यक आहे, असे टेक्सासच्या १८७६ च्या घटनेत लिहिलेलेच होते. त्या आधारे १९८९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत एकमताने घटनाबाह्य ठरवली. १९९३ च्या कायद्यानुसार श्रीमंत विभागांच्या उत्पन्नाचा काही भाग गरीब विभागांकडे वळू लागला.

पैशाने फरक पडतो का?

१९६६ च्या कोलमन अहवालाने म्हटले होते की मुलांच्या प्रगतीवर शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव मोठा असतो. हे तपासणे सोपे नाही, कारण मदत बहुधा अडचणीतल्या मुलांनाच अधिक दिली जाते. मग जास्त खर्च आणि कमी गुण एकत्र दिसतात. परंतु न्यायालयांच्या निकालांमुळे निरनिराळ्या राज्यांत निरनिराळ्या वेळी खर्च वाढला. संशोधकांना जणू आयता प्रयोगच मिळाला. जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांनी २०१६ साली तो अभ्यासला. बाराही वर्षे १० टक्के अधिक खर्च झाला, तेव्हा गरीब घरची मुले सरासरी जवळपास अर्धे वर्ष अधिक शिकली आणि मोठेपणी त्यांचे वेतन सुमारे १० टक्क्यांनी वाढले.

राष्ट्राच्या बळाचा हिशेबही येथेच लागतो. १९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेने १९५८ मध्ये विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या शिक्षणासाठी कायदा केला. त्याच्या नावातच ‘राष्ट्रीय संरक्षण’ हे शब्द होते. पण हुशार मूल एजवुडमध्येही जन्मते; त्याला प्रशिक्षित शिक्षक मिळाला नाही, तर तोटा साऱ्या देशाचा होतो.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी हेच दाखवून दिले होते की, महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना एक उपक्रम देता येईल. आपल्या शाळेचे पगार, इमारत, वीज, प्रयोगशाळा, पोषण आहार यांचा पैसा कोठून येतो, याचा तक्ता त्यांनी करावा. मग प्रत्येक ओळीपुढे लिहावे : गाव गरीब असते तर ही रक्कम कमी झाली असती का?