वेळापत्रकाने चालणारे जॉब आणि त्यांच्यावरील देखरेख

महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी तुम्ही एक छोटे ॲप्लिकेशन लिहिले आहे असे समजू. विद्यार्थी त्यावर पुस्तक शोधतात, राखून ठेवतात. शिवाय रोज सकाळी ७ वाजता एक प्रोग्राम आपोआप चालतो आणि ज्यांची परतीची तारीख उद्या आहे त्यांना एसएमएस पाठवतो. पुस्तक शोधण्याचे पान बंद पडले तर पाच मिनिटांत कोणीतरी ग्रंथपालांकडे तक्रार घेऊन जाईल. पण सकाळचा प्रोग्राम बंद पडला तर? न आलेल्या एसएमएसची तक्रार कोण करणार? ती येते महिनाभराने, दंड भरण्याच्या खिडकीपाशी. या प्रकरणातील सगळी अडचण इथेच आहे: अशा जॉबचे अपयश आवाज करत नाही.

युनिक्स आणि लिनक्सवर हे काम परंपरेने 'क्रॉन' करते. क्रॉनटॅब नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक जॉबसाठी एक ओळ असते. तिच्यात मिनिट, तास, महिन्यातील दिवस, महिना आणि वार असे पाच रकाने असून पुढे चालवायची आज्ञा लिहितात. क्रॉन दर मिनिटाला जागा होतो, घड्याळ पाहतो आणि जुळणारी ओळ चालवतो. त्यापलीकडे त्याला फारशी जबाबदारी नाही. सकाळी ७ वाजता वीज गेल्यामुळे सर्व्हर बंद असेल, तर ७:१० ला तो सुरू झाल्यावर चुकलेला जॉब क्रॉन भरून काढत नाही. त्यासाठी ॲनाक्रॉन किंवा सिस्टिमडीचे टायमर वापरावे लागतात, कारण राहून गेलेली फेरी नंतर चालवण्याची सोय त्यांच्यात आहे.

जॉब अयशस्वी झाल्यावर क्रॉन कळवत नाही का? इथे विद्यार्थ्यांचा हमखास गैरसमज होतो. जॉबने पडद्यावर काही छापले असेल तर क्रॉन ते ईमेलने जॉबच्या मालकाला पाठवतो. म्हणजे मेल जाण्याचे कारण 'आउटपुट आले' हे आहे, 'काम बिघडले' हे नव्हे. काहीही न छापता बिघडलेल्या जॉबचा मेल सर्वसाधारणपणे येत नाही. उलट नीट चाललेला बडबडा जॉब रोज मेल पाठवतो. मग कंटाळून आपण त्याचे आउटपुट 'डेव्ह-नल'मध्ये, म्हणजे कचऱ्यात, वळवतो आणि त्याबरोबर खऱ्या बिघाडाचा संदेशही तिथेच जातो. ही एक ओळ मी स्वतः इतक्या क्रॉनटॅबमध्ये लिहिली आहे की इतरांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

याची किंमत काय असू शकते, हे गिटलॅब या संकेतस्थळाच्या प्रकरणात दिसते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका अभियंत्याकडून दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य डेटाबेस सर्व्हरवरील माहितीची डिरेक्टरी पुसली गेली. चूक लक्षात येताच आज्ञा थांबवली, पण सुमारे ३०० जीबी माहिती तोवर गेली होती. साहजिकच सर्वांनी रोजच्या बॅकअपकडे धाव घेतली. बॅकअप ठेवण्याची जागा रिकामी होती! डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर चालत होता आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा होता. त्यामुळे जॉब वेळेवर सुरू होई आणि त्रुटी देऊन लगेच थांबे. त्रुटीचे ईमेलही निघत होते, परंतु त्यांवर डीमार्क पडताळणीसाठी लागणारी स्वाक्षरी नसल्याने समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी उपयोगी पडली ती दुसऱ्याच चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत. त्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. साधारण ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती यांना त्याचा फटका बसला. कंपनीने हा सगळा तपशील स्वतःच जाहीर केला.

डिरेक्टरी पुसणे ही क्षणाची चूक होती. खरा धडा बॅकअपच्या जॉबमध्ये आहे. तिथे धोक्याची सूचना देण्याचे काम बिघडलेल्या जॉबकडेच आणि एका मेलच्या वाटेकडे सोपवलेले होते. वाट तुटली की सूचनाही गेली, आणि मेल न येणे म्हणजे सगळे ठीक, असाच अर्थ बाहेरून लागत राहिला.

म्हणून प्रश्न उलटा करायचा. 'बिघडलास तर सांग' असे जॉबला न सांगता 'काम झाले की सांग' असे सांगायचे, आणि ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही तर तिसऱ्याच कोणीतरी घंटा वाजवायची. याला हार्टबीट म्हणतात. रेल्वे इंजिनात चालकाने ठरावीक काळात काहीच हालचाल केली नाही तर यंत्रणा आधी इशारा देते आणि मग ब्रेक लावते. तत्त्व तेच. आपल्या एसएमएसच्या जॉबला एरवी १० ते २० मिनिटे लागत असतील, तर ७:४० पर्यंत निरोप न आल्यास इशारा द्यावा. मुदत ७:२१ ठेवलीत तर परीक्षेच्या दिवसांत खोटे इशारे येतील आणि आठवड्याभरात कोणी त्यांच्याकडे पाहणार नाही. दुपारी ४ ठेवलीत तर विद्यार्थ्याचा दिवस हातचा गेलेला असेल. निरोपाची वाट पाहणारी यंत्रणा वेगळ्या सर्व्हरवर असावी, हे वेगळे सांगायला नको.

निरोप पाठवण्याची ओळ प्रोग्रामच्या अगदी शेवटी, यश तपासूनच हवी. यश म्हणजे काय, हेही नीट पाहा. प्रत्येक प्रोग्राम संपताना एक एक्झिट कोड देतो. शून्य म्हणजे यश. पण बॅकअपची आज्ञा पाइपने जोडून 'डेटाबेस काढ आणि जीझिपने दाबून ठेव' अशी लिहिली, तर शेल एरवी फक्त शेवटच्या आज्ञेचा कोड पाहते. डेटाबेस उघडलाच नाही तरी जीझिप रिकामे आउटपुट आनंदाने दाबून ठेवतो, २० बाइटची फाइल तयार होते आणि कोड येतो शून्य. बॅश शेलमध्ये 'पाइपफेल' हा पर्याय चालू केल्यास हा प्रकार पकडला जातो. तरीही निरोपात फाइलचा आकार किंवा पाठवलेल्या संदेशांची संख्या घालावी. सुटीत शून्य संदेश जाणे स्वाभाविक आहे, सत्राच्या मध्यात नाही. हा फरक एक्झिट कोडला कळत नाही.

प्रोमिथियससारखी मापन-यंत्रणा असेल तर 'शेवटचे यश कधी' ही वेळ नोंदवून, तिला २६ तासांहून अधिक झाले की इशारा, असा नियम लिहिता येतो. त्यात एक खाच आहे. जॉब एकदाही यशस्वी झाला नसेल तर ती नोंदच नसते, तुलनेला काही उरत नाही आणि नियम गप्प राहतो. नोंद नसणे हाही इशारा, असा दुसरा नियम सोबत लागतो.

आपल्या देशात घड्याळाचा घोळ विशेष होतो. भाड्याचे क्लाउड सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर चालतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. ७ वाजता लावलेला जॉब आपल्याकडे दुपारी साडेबारा वाजता चालेल. पहाटे साडेपाचच्या आधी चालणाऱ्या जॉबमध्ये तर सर्व्हरची तारीखच एक दिवस मागे असते, त्यामुळे 'उद्या' चुकते. असा जॉब वेळेवर चालेल, हार्टबीट देईल आणि चुकीच्या विद्यार्थ्यांना एसएमएस पाठवेल. दर पाच मिनिटांनी चालणाऱ्या जॉबला सात मिनिटे लागू लागली तर दोन फेऱ्या एकमेकींवर चढतात. त्यासाठी 'एफलॉक'ने कुलूप घालावे, आणि लागलेला वेळही नोंदवावा.

करून पाहा: लिनक्सवर दर पाच मिनिटांनी एखाद्या फोल्डरची प्रत घेणारा जॉब लावा आणि यशानंतरची वेळ एका फाइलमध्ये लिहा. ती फाइल जुनी झाली की इशारा देणारा दुसरा प्रोग्राम मित्राच्या संगणकावरून चालवा. मग मित्राला न सांगता एकदा क्रॉनटॅबची ओळ पुसा, एकदा फोल्डरचे नाव बदला, एकदा संगणक बंद करा. प्रत्येक वेळी त्याला किती मिनिटांनी कळले ते लिहून ठेवा, आणि जे कळलेच नाही ते का, हे शोधा.