तोर्मेसकाठचे पारणे

एकादशी जितक्या निष्ठेने धरावयाची तितक्याच निगुतीने ती द्वादशीला सोडावयाची, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. ख्रिस्ती धर्मातही दीर्घ व्रताचा एक काळ आहे आणि त्याच्या अखेरीस पारणेही आहे. मात्र त्या पारण्याचे अन्न प्रत्येक प्रांताने आपापल्या चुलीवर आपापल्या परीने सिद्ध केले. स्पेनच्या पश्चिम भागात, तोर्मेस नदीच्या काठी वसलेल्या सालामांका नगरीत हे पारणे ‘ओर्नासो’ नावाच्या भरलेल्या पावाने होते. पदार्थ सामिष आहे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. तो करून पाहावा असा आग्रह येथे कोणास नाही. परंतु एका पावाच्या पोटात एका समाजाचे व्रत, त्याचा आनंद आणि त्याचे भयही कसे साठून राहते, ते जाणून घेण्याजोगे आहे.

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून चाळीस दिवस, हा व्रताचा काळ. आज त्याचे नियम सौम्य आहेत. पोप सहावे पॉल यांनी 1966 साली ते बदलले. आता पहिला बुधवार व गुड फ्रायडे हे उपवासाचे दिवस आणि या काळातील शुक्रवारी मांस वर्ज्य, एवढेच बंधन उरले आहे. पूर्वी मात्र मांसच नव्हे, तर दूध व अंडीही वर्ज्य असत. स्पेनमध्ये धर्मयुद्धासाठी दान देऊन त्यातून काही सवलत मिळविता येई. ज्याच्या गाठी ते दान नसे त्याचे व्रत अर्थातच अधिक कडक! हरभरे, पालक आणि खारवलेला मासा यांचे कालवण हे या दिवसांतील मुख्य अन्न, आणि ते आजही तेथे आवडीने रांधले जाते. परंतु कोंबड्यांना व्रत कोठून कळणार? वसंत ऋतूत त्या अधिकच अंडी घालतात. घरात साठत गेलेली ती अंडी पारण्याच्या पावात गेली, अशी ओर्नासोतील अंड्याची उपपत्ती सांगितली जाते.

व्रताआधीची तयारी हिवाळ्यातच झालेली असते. नोव्हेंबरात, संत मार्तिनच्या सणाच्या सुमारास, खेड्यापाड्यांतून वर्षाची बेगमी म्हणून डुक्कर मारण्याची प्रथा होती. त्या दिवशी सारे कुटुंब आणि शेजारीपाजारी राबत. मांस बारीक करून त्यात लसूण, मीठ व लाल मिरचीची पूड मुरवावयाची, ते आतड्यात ठासून भरावयाचे आणि थंड, कोरड्या हवेत टांगून ठेवावयाचे. हा झाला ‘चोरिसो’. सालामांका प्रांतातील ग्वीहुएलो हे उंचावरचे गाव अशा टिकाऊ मांसासाठी प्रसिद्ध आहे. ही मिरची आपल्या तिखटासारखी झोंबत नाही. तिचा गुण मुख्यतः रंगात व धुराच्या वासात. मिरची अमेरिकेतून स्पेनला आली ती 1492 नंतर. तेव्हा त्याआधीचा चोरिसो लाल असणे शक्यच नव्हते. तीच मिरची पुढे पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्यास लागली आणि आता नैवेद्याच्या पानातही तिच्याशिवाय चालत नाही.

ओर्नासो हा शब्द ‘ओर्नो’ म्हणजे भट्टी यावरून आला. एक किलो गव्हाच्या पिठाला साधारणतः पाव किलो चरबीचे मोहन, थोडे ऑलिव्हचे तेल, पेलाभर पांढरी द्राक्षासव, तीन-चार अंडी, मीठ आणि खमीर घालून कणीक मळतात. ती फुगून वर आली की तिचे दोन भाग करावयाचे. एका भागाची जाडसर पोळी लाटून तिच्यावर चोरिसोच्या चकत्या, खारवून वाळविलेले मांस आणि मसाल्यात मुरविलेल्या मांसाचे काप पसरतात. कित्येक घरी उकडलेल्या अंड्याच्या फोडीही घालतात. वर दुसरी पोळी झाकून कडेने मुरड घालावयाची, अगदी आपल्या करंजीसारखी. मुरड सैल पडली की सारे सत्त्व भट्टीत वाहून जाते, म्हणून हे काम जाणत्या हाताचेच. मग उरल्या कणकेच्या पट्ट्यांची जाळी वर मांडून, वाफ जाण्यास मध्ये छिद्र ठेवून, फेटलेल्या अंड्याचा हात फिरवितात व सुमारे दोनशे अंश उष्णतेत पाऊण तास भाजतात. चोरिसोतील लाल तेल हळूहळू खालच्या पोळीत उतरते. खरी चव त्या पोळीची, असे खाणारे म्हणतात. याच नावाचा पाव दक्षिणेकडे निराळा असतो. तो गोड असून त्यात आख्खे अंडे कवचासह बसविलेले असते.

या चोरिसोला आणखी एक इतिहास आहे आणि तो आनंदाचा नाही. 1492 साली स्पेनच्या राजाराणीने यहुदी प्रजेला धर्मांतर करा अथवा देश सोडा असे फर्मावले. जे धर्म बदलून मागे राहिले त्यांच्यावर धर्मन्यायालयाची, म्हणजे इन्क्विझिशनची, दृष्टी रोखलेली असे. आणि ती दृष्टी देव्हाऱ्याइतकीच स्वयंपाकघरावरही होती. कोण डुकराचे मांस टाळतो, कोण चरबीऐवजी तेलात रांधतो, शनिवारचे अन्न शुक्रवारीच शिजवून कोण ठेवतो, याच्या साक्षी मोलकरणी व शेजारी यांच्याकडून घेतल्या जात. अशा काळात घरात टांगलेला चोरिसो हा निष्ठेचा दाखला ठरे. ज्यांच्या पूर्वजांनी ते मांस कधी शिवले नव्हते, त्यांना ते जिवाच्या भयाने गिळावे लागले. एकाच पंक्तीत एकाचे ते पारणे असेल आणि दुसऱ्याची ती परीक्षा.

हे वाचताना गोमंतकीय वाचकांना परके वाटणार नाही. गोव्यातील इन्क्विझिशन 1560 ते 1812, मधली थोडी वर्षे वगळता, चालू होते. 1736 च्या फर्मानात हिंदूंच्या रीतीप्रमाणे भात बिनमिठाचा शिजविण्यासही धर्मांतरितांना मनाई होती. भाताच्या मिठावरून माणसाचा देव ओळखू पाहणारी ती राजवट! मंगेश व शांतादुर्गा यांना भक्तांनी नदीपार अंत्रुज महालात नेले ते याच काळाच्या आरंभी. आणि तरीही अन्न माणसांचेच होऊन राहते. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत आज जे चोरिस पावाबरोबर खाल्ले जाते ते व्हिनेगर व गावच्या मिरचीचे, चवीने पुरते गोमंतकीय आहे. आणि ‘पाव’ हा पोर्तुगीज शब्द तर आपण आपलाच मानला.

सालामांकात ओर्नासो खाण्याचा खास दिवस म्हणजे ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारच्या पाठोपाठ येणारा सोमवार. त्याला ‘पाण्याचा सोमवार’ म्हणतात. आपल्याकडे सोमवार म्हटला की शंकराचा उपवास. तिकडचा हा सोमवार पोटभर जेवण्याचा. यामागची आख्यायिका अशी की, राजपुत्र फिलिप 1543 साली पोर्तुगालच्या राजकन्येशी विवाहासाठी येथे आला तेव्हा या विद्यानगरीतील विलासी जीवन पाहून त्यास विषाद वाटला. व्रतकाळात नगरातील वारांगनांनी नदीपलीकडे राहावे, असा नियम झाला. व्रत संपून आठवडा लोटला की त्या सोमवारी विद्यार्थी होड्या घेऊन त्यांना परत आणावयास जात आणि काठावर खाण्यापिण्याचा उत्सव होई. व्रत साऱ्या गावाचे आणि हद्दपारी तेवढी त्या दुबळ्या स्त्रियांची, हे मात्र मनाला बोचते.

आता होड्या नाहीत. दुपार कलली की आजोबा-आजींपासून कडेवरच्या मुलांपर्यंत सारी घरे टोपल्या घेऊन तोर्मेसच्या हिरवळीवर येतात. ओर्नासो थंडच खावयाचा असतो, त्यामुळे चूल पेटविण्याची यातायात नाही. सुरीने जाळीवरून त्याचे चौकोनी तुकडे करतात. ज्याच्या तुकड्यात अंडे येते तो ते सर्वांना दाखवितो.