देवराई आणि गावाची नोंदवही

देवाच्या नावाने राखलेल्या वनास सह्याद्रीच्या परिसरात देवराई म्हणतात. तेथे कुऱ्हाड चालत नाही. कित्येक ठिकाणी वाळकी काटकीही उचलली जात नाही. पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे डॉ. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी अशा देवरायांचा अभ्यास करून १९७६ मध्ये पश्चिम घाटातील देवरायांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. भोवतालचे डोंगर उघडे पडले असता मूळच्या सदाहरित वनाचे अवशेष या लहानशा रायांतच उरले होते. गारंबीचा अजस्र वेल हे त्यांपैकीच एक. शिवाय राईतील पालापाचोळा पावसाचे पाणी मुरवतो. त्यामुळे तिच्या पायथ्याचा झरा पुष्कळदा उन्हाळ्यातही टिकतो.

आता श्रद्धेचे हे कवच विरळ होत चालले आहे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवाचीच झाडे तोडली जावीत, हा विपर्यासच म्हणावयाचा!

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने व्यवस्थापन समिती स्थापून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. राष्ट्रीय हरित अधिकरणाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर घाई झाली. परंतु कार्यालयात बसून भरलेल्या नोंदवहीस अभ्यास म्हणता येत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह, गावातील जाणत्या गुराख्यास व वैदूस बरोबर घेऊन राई पाहावी. झाडाचे स्थानिक नाव प्रथम लिहावे. शास्त्रीय नाव महाविद्यालयातील प्राध्यापकांकडून मागाहून घेता येते. झरा कोणत्या महिन्यात आटतो, हेही दरवर्षी नोंदवावे.